पेपर एकच, ताण वेगवेगळे

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा होते, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील उसाच्या फडात असतात. घरी म्हातारी आजी आणि धाकटी भावंडं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामातही कोयता सुटणार नाही, हे त्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. स्वयंपाक, धुणं उरकून मुलगी रात्री पुस्तक उघडते. तिकडे लातुरात, एखाद्या डॉक्टर दांपत्याच्या मुलाचा आठवीपासून ‘फाउंडेशन’चा क्लास चालू असतो. त्याला काही कमी नाही. मात्र ‘आमच्या घरात सगळे डॉक्टर’ हे वाक्य तो रोज जेवताना ऐकतो.

एनसीईआरटीच्या २०२२ च्या पाहणीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची मुख्य कारणं सांगितली. मग ताण सगळ्यांनाच आहे, त्यात घरची परिस्थिती कशाला काढायची, असं कुणी म्हणेल. म्हणण्यात तथ्य आहे. पैसा असला म्हणजे मन निर्धास्त असतं असं नाही. आणि हलाखीतल्या घरातही विश्वासाने बोलता येईल असं एखादं माणूस असेल, तर मूल सावरतं. ‘आम्ही कंदिलाखाली शिकलो’ म्हणणाऱ्या पिढीची जिद्दही खोटी नव्हती. पण त्या पिढीतले जे मध्येच गळाले, ते आज हे सांगायला व्यासपीठावर नसतात.

फरक पडतो तो अपयशानंतर. डॉक्टरांचा मुलगा हुकला तर ‘रिपीट’ करतो. ऊसतोड कामगाराची मुलगी हुकली तर घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून दोघांवर एकच इलाज चालणार नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलं. ते योग्यच आहे. मात्र समुपदेशकाने उचल फिटत नाही. तिथे ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेत सुरू व्हायला हवं आणि ते परीक्षा संपेपर्यंत चालायला हवं. डॉक्टरांच्या घरी समुपदेशन आधी पालकांचं व्हावं.

शासनाचा पैसा आणि मनुष्यबळ मर्यादित आहे. त्यावर पहिला हक्क, जिला दुसरी संधी नाही, तिचा असायला हवा.