घट्ट लागला म्हणजे बसला असं नाही!



ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. ज्याच्या वस्तीवर जावं तिथं ब्लोअर खोललेला. कुणी पंपाचे डायफ्राम बदलतोय, कुणी बाजारातला नवा फिल्टर बसवतोय, कुणी ट्रॅक्टरला नवं ब्रॅकेट लावतोय. चांगली गोष्ट आहे. स्वतःचं अवजार स्वतःला खोलता-जोडता आलंच पाहिजे. पण एक आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. बोल्ट भोकावर नुसता टेकवायचा आणि लगेच इम्पॅक्ट गन. घर्रर्र... "बसला!"

अरे कसला बसला? तिरपा चढला. आणि ते तुला फवारणीच्या दिवशी कळणार.

हे दुसऱ्यांना सांगतोय, पण आधी मीच केलंय. पंपाच्या हेडचा एक बोल्ट अंधारात, घाईघाईत, सरळ पान्यानं चढवला. जड जात होता. मी म्हणालो, नवा आहे, जाईल. अजून जोर लावला. बोल्ट पोलादी, पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची. पोलादाला काय होतंय? बॉडीचे आटे सोलून निघाले. बाग पोंग्यात, वरून पाऊस, डावणीची भीती, आणि पंप लेथवाल्याकडे. दोन फवारण्या शेजाऱ्याच्या ब्लोअरवर, तेही त्याची बाग झाल्यावर रात्री. दोन मिनिटं वाचवायला गेलो होतो.

मुळात ही चूक आपल्या हाताला लागते कुठून? माझं मत सांगतो. आपला हात पाइपलाइनवर शिकलाय. जीआय पाइपाचे आटे निमुळते असतात. सुतळी-सफेदा लावायचा आणि आवळत जायचं, जितकं जड जाईल तितकं पाणी बंद. तिथं जड जाणं ही चांगली खूण आहे. बोल्टाचे आटे मात्र सरळ असतात. तिथं सुरुवातीलाच जड लागलं तर ती धोक्याची खूण आहे. आपण दोन्हीकडे एकच अक्कल वापरतो: जड लागलं की लाव ताकद.

आता पकड म्हणजे काय ते बघा. बोल्ट नीट बसून आवळला की तो किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. तिरप्या बोल्टात हाताचा सगळा जोर आटे खरवडण्यात जातो. पान्याला घट्ट लागतं, पण खाली पकड नसते. म्हणून टॉर्क पाना घेतला तरी सुटका नाही, तोही फसतो. त्याला फक्त फिरवायला किती जोर लागला तेवढंच कळतं, तो जोर कुठं गेला ते कळत नाही.

पंपाचं ठीक आहे, पाणी गळेल. हाच प्रकार ट्रॉलीच्या चाकाच्या नटाला झाला तर? वीस-पंचवीस क्विंटल कांदा भरून तुम्ही उपबाजाराकडे निघालात, मागं-पुढं मोटारसायकली, शाळेची पोरं. तिरपा चढलेला नट चाकाला नीट दाबत नाही. मग बाकीच्या नटांवर भार येतो आणि हळूहळू तेही ढिले होतात. तिथं फवारणी चुकण्यापुरतं नुकसान राहत नाही.

दुसरी गडबड मापाची. महिंद्राने १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर सुरू केले. त्या काळच्या घडणीत इंची बोल्ट असायचे. आज बाजारातला बहुतेक माल एमएमचा. आपल्या डब्यात दोन्ही एकत्र. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ एमएम भरतो, म्हणजे आठ एमएमचा जुळा भाऊच. त्याच्या डोक्याला तेराचा पानाही लागतो. पण त्याच्या जाड आट्यांतलं अंतर १.४१ एमएम, आणि आठ एमएमच्या साध्या बोल्टाचं १.२५. दोन-तीन आटे जातो, मग अडतो. दहा एमएममध्येसुद्धा १.५ आणि १.२५ असे दोन प्रकार मिळतात. दुकानात "दहाचा बोल्ट द्या" एवढं म्हणू नका. जुना बोल्ट सोबत न्या, नवा त्याला आडवा लावून आटे एकमेकांत बसतात का बघा.

मी पाळतो तो नियम एवढाच:

१. बोल्ट आणि भोक दोन्ही तारेच्या ब्रशनं, डिझेलनं साफ करायचे, मग पुसून कोरडे करायचे. बंद भोकात तेल किंवा चिखल ठेवायचा नाही. बोल्ट खाली दाबत गेला की ॲल्युमिनियमची बॉडी तडकू शकते.

२. बोल्ट भोकावर सरळ धरून आधी उलटा फिरवायचा. आट्याचं तोंड जुळलं की बारीक 'टक' होऊन तो किंचित खाली बसतो. मग सुलटा.

३. पहिले तीन-चार आटे फक्त बोटांनी. पाना नाही, गन तर नाहीच. बोटांनी जात नाही, तर काढा आणि परत बघा.

४. सगळे बोल्ट बोटांनी लागेपर्यंत एकही आवळायचा नाही. बाजारातल्या पार्टचं भोक थोडं सरकलेलं असतं. पहिला आवळला की बाकीचे तिरपेच जाणार.

५. पार्ट जड असेल तर खाली जॅक किंवा ठोकळा द्या. पार्टाचं वजन बोल्टावर लटकलं की बोल्ट सरळ राहत नाही.

मला तीन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं, "पार्टच डुप्लिकेट होता." असेलही. पण डुप्लिकेट पार्ट बोटांना आधीच कळतो, गनला कळत नाही. बोटांनी न जाणारा पार्ट दुकानात परत करता येतो. आटे खाल्लेला पार्ट कोण परत घेणार? दुसरं, "एवढा वेळ कुणाला आहे?" ज्याच्याकडं दोन मिनिटं नाहीत, त्याच्याकडं लेथवर घालवायला दोन दिवस कुठून येतात? तिसरं, "घरी करूच नये, मेकॅनिकला द्यावं." हे मला अजिबात पटत नाही. सिझनमध्ये मेकॅनिकची वाट बघण्यात बाग जाते. आणि गन आधी लावणारे गॅरेजमध्येही कमी नाहीत. काम त्यांच्याकडं दिलं तरी उभं राहून बघा, पहिले आटे हातानं लावायला सांगा. पैसे आपण देतो, सांगायला लाजायचं कशाला?

आणि चढलाच तिरपा, तर तिथंच थांबा. अर्ध्या फेऱ्यात कळलं तर आटे बहुतेक वाचतात. त्याच मापाचा टॅप हळूच फिरवून घ्या. बॉडीचे आटे गेलेच असतील तर लेथवाल्याकडून हेलिकॉइल बसवून घ्या, काम पक्कं होतं. टेफलॉन टेप गुंडाळून किंवा जाडा बोल्ट ठोकून वेळ मारून नेऊ नका.

गन विकून टाका असं मी म्हणत नाही. जुने गंजलेले बोल्ट काढायला तिच्यासारखी नाही. पण लावताना पहिला हात बोटांचा. घरातल्या पोरांना हे आत्ताच दाखवा, छाटणी सुरू व्हायच्या आधी. आणि आज ब्लोअर जोडला असेल, तर उद्या सकाळी उजेडात एकेक बोल्ट पुन्हा बघा. ज्याचं डोकं तिरपं दिसतंय, तो काढा.