इंटरेस्ट कुणी दाखवायचा?

आपण गोदीतला माणूस. मॅट्रिक पास. कविता लिहितो, पण त्यावर चूल पेटत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश कसा मिळतो यावर ह्यानं काय बोलावं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. कुठला माल बोटीत चढतो आणि कुठला धक्क्यावर पडून भिजतो, हे आमच्याइतकं कुणाला कळतं?

झालं असं. आमच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं. ऑक्टोबरातली गोष्ट. मी हंडे लावायला गेलो तर लाइनीत बारावीतला एक पोरगा बादलीवर बसलेला, कानात वायर, डोळे मोबाइलमध्ये. म्हटलं, "काय रे, एवढ्या पहाटे पिक्चर?" तर म्हणाला, "नाही दादा, कॉलेजची मीटिंग आहे. तिकडं न्यूयॉर्कच्या बाजूला आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत." पडद्यावर चेहऱ्यांच्या चौकटी. ह्याची चौकट काळी. "तुझा कॅमेरा का बंद?" "मागं लाइन दिसते, दादा." आणि हळूच म्हणाला, "हजेरी लागते ना, म्हणून बसलोय."

हजेरी म्हटल्यावर माझे कान टवकारले. गोदीवाल्याला हा शब्द आईच्या दुधातून मिळतो. १९४८ च्या कायद्यानंतर नोंदलेल्या गोदी कामगाराला अशी सोय झाली, की तो हजेरीला उभा राहिला आणि काम निघालं नाही, तरी हजेरीचे पैसे मिळायचे. ती फुकट मिळाली नाही, भांडून मिळाली. आणि इथं उलटं. हजेरी पोरानं लावायची, पदरचे पैसेही पोरानंच घालायचे. हा काय प्रकार आहे म्हणून मी त्याच्याकडून आणि इकडून तिकडून वाचून समजून घेतलं. तेच सांगतो.

अमेरिकेतली बरीच खाजगी कॉलेजं अर्ज करणाऱ्याला आमच्याबद्दल किती आवड आहे, हे मोजतात. त्याला त्यांच्यात 'डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट' म्हणतात. म्हणजे नुसती आवड असून चालत नाही, ती दाखवावी लागते. कारण सरळ धंद्याचं आहे. शंभर पोरांना प्रवेश दिला आणि वीसच आली, तर जागा रिकाम्या, फी बुडाली, वर नाव खाली. म्हणून जो नक्की येणार त्यालाच घ्यायचं. मग येणार कोण, हे कशावरून ओळखायचं? कॉलेज बघायला आला होता का. माजी विद्यार्थ्याला मुलाखत दिली का. आमचं ईमेल उघडलं का, त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं का. वॉशिंग्टन पोस्टनं २०१९ साली छापलं, की निदान ४४ विद्यापीठं बाहेरच्या कंपन्या लावून पोरं आपल्या वेबसाइटवर काय काय बघतात याचा माग ठेवतात. मुकादमाची नजर बरी हो, ती निदान दिसते तरी.

आता बघा गंमत. बोस्टनचं पोरगं बापाच्या गाडीत बसून शनिवारी कॉलेज बघून येतं. रजिस्टरात सही. आवड सिद्ध. आमच्या पोराचं विमानाचं तिकीट म्हणजे आईच्या कितीतरी महिन्यांच्या धुण्याभांड्यांचा पगार. २०१७ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठाच्या अर्जांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निघालं, की जागेवर येऊन भेटणाऱ्याला लांबून संपर्क ठेवणाऱ्यापेक्षा जास्त फायदा होतो. म्हणजे आवड मोजायची पट्टी कसली? भाड्याची! कॉलेजवाले सांगतात, लांबच्या पोरानं यायलाच पाहिजे असं नाही. नाही म्हणतात खरं. पण आलेला आणि न आलेला शेजारी ठेवल्यावर हात कुणाकडे जातो?

सगळ्यात मोठी आवड म्हणजे 'अर्ली डिसिजन'. नोव्हेंबरात एकाच कॉलेजला लिहून द्यायचं, घेतलंत तर येणारच. ज्याच्या बापाची फी तयार आहे त्याला हे सोपं आहे. ज्याला चार ठिकाणची मदत शेजारी ठेवून बघायची आहे, त्यानं असं कसं लिहून द्यावं? त्यातून परदेशी पोरानं मदत मागितली की बहुतेक कॉलेजांत ते निवडीच्या वेळीच त्याच्या विरुद्ध जाऊ शकतं.

आणि हा सगळा प्रेमाचा खेळ जिंकून पोरगं व्हिसाच्या खिडकीशी पोचलं, की तिथला साहेब विचारतो, परत येणार ना? १९५२ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे विद्यार्थ्यानं पटवून द्यावं लागतं, की माझं घर इकडं आहे, तिकडं राहायचा माझा इरादा नाही. कॉलेजला सांगायचं, तुमच्यावाचून जगणार नाही. खिडकीला सांगायचं, तुमच्याकडे राहणार नाही. एकाच तोंडानं. बाप्पा रे!

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले, तेव्हा कुणी त्यांना आधी येऊन हिरवळ बघून जा म्हटलं नव्हतं. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं चाकरीचा करार. आवड त्यांनी दाखवली ती तिथं गेल्यावर, लायब्ररीत. आणि पुढं स्वतः कॉलेज काढायची वेळ आली तेव्हा? १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादेत मिलिंद. मराठवाड्याच्या पोराला मुंबई लांब पडते, म्हणून त्यांनी कॉलेज मराठवाड्यात नेलं. इंटरेस्ट कॉलेजनं दाखवला, पोरात! माझं भांडण एवढंच आहे. मोजायचंच असेल तर हे मोजा, की तुमचा माणूस मुंबईला येतो तो कुठं येतो? पंचतारांकित हॉटेलात आणि एसी शाळांत. आमच्या नाइट स्कूलच्या पायरीला त्याचा बूट कधी लागलाय?

पण भांडण मिटेपर्यंत पोरानं अर्ज करायचा थांबू नये. म्हणून दोस्तांनो, चार कामाच्या गोष्टी. सल्ला देणारे दुकानदार ह्याच गोष्टींचे लाखांत घेतात. बरीच कॉलेजं दर वर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता वेबसाइटवर टाकतात. त्यात सी-सात कलम बघा. अर्जदाराची आवड मोजतात की नाही, ते तिथं लिहिलेलं असतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ती मोजत नाहीत, आणि परदेशी पोरानं मदत मागितली म्हणून निवडीत त्याला मागंही टाकत नाहीत. तिथं पहाटेची झोप मोडू नका. अर्थात तिथं शिरायला फट फार बारीक आहे. जिथं मोजतात, तिथं ईमेल एकच ठेवा, कॉलेजच्या यादीत नाव नोंदवा, आलेलं पत्र उघडा, आपल्या भागाचा अर्ज बघणाऱ्या माणसाला एकदा लिहा. त्यात वेबसाइटवर उत्तर नाही असाच प्रश्न विचारा. रोज रोज लिहून डोकं खाऊ नका. अर्जाची फी माफ होते, ती मागायला लाजू नका. मुलाखत मोबाइलवर होते. घेतो म्हणाले तर द्या.

आणि 'आमचंच कॉलेज का?' हा निबंध. तिथंच लांबचं पोरगं जवळच्याच्या तोडीला येऊ शकतं, कारण कागदाला भाडं लागत नाही. आमच्या पोरानं पहिला लिहिला तो मला वाचून दाखवला. तलाव, पानगळ, लाल विटांच्या इमारती. मी म्हटलं, "हे तर त्यांनीच छापलेलं त्यांनाच परत पाठवतोयस. तू तलाव कधी बघितलास?" गप्प बसला. मग हळूहळू बोलायला लागला. तिथं एक मास्तर शहरातल्या पाइपातली पाण्याची गळती यंत्रानं हुडकतात, त्यांचं लिखाण ह्यानं डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलंय. "मग हेच लिही की! आणि मीटिंग कुठं बसून ऐकलीस तेही लिही." तो म्हणाला, "दादा, दया मागितल्यासारखं नाही ना वाटणार?"

ह्याच्यावर आमचं रात्री बारापर्यंत भांडण झालं. मी म्हणत होतो, लाइन आपण लावलेली नाही, तर लाज आपण का धरायची. तो म्हणत होता, त्यांना लाइन नको असते दादा, लाइनीची गोष्ट पाहिजे असते. पोरगं हुशार आहे. मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी त्यानं पाइपाचं ठेवलं. नळाचं वाक्य ठेवलं की खोडलं, मी विचारलं नाही. फॉर्म १ जानेवारीच्या आत गेला.