तेवीस जणांचा जलप्रवास

मुंबईहून गोव्यास जहाजाने जावे, असे आमच्या तेवीस जणांच्या कुटुंबात गेल्या दिवाळीत ठरले. तारीख मिळेना. मार्चअखेरीस पेढी सोडवत नाही. चातुर्मासात प्रवास नको, आणि तेव्हा समुद्रही खवळलेला. अखेर डिसेंबर निश्चित झाला. त्या दिवसांत मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, जहाजावरील रात्रीची पंगत मात्र त्यानंतर. मातुःश्रींचा चौविहार. म्हणून कंदमुळाविना भोजन, तेही साडेपाचला, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी मागून घेतले. तोंडी होकारावर मी बँकेतही कधी कर्ज दिले नाही!

खरा पेच निराळाच होता. वडीलबंधू सर्वांचा खर्च करावयास उत्सुक; धाकट्याचे दुकान यंदा मंदीत. “आम्हांस जमणार नाही,” एवढेच तो म्हणाला. तेव्हा मातुःश्रींनी आपल्या ठेवीच्या व्याजातून नातवंडांची तिकिटे काढण्यास सांगितले. मोठ्यांनी आपापले भरावे. धाकट्याने बिनखिडकीची, सर्वांत स्वस्त खोली मागितली. “खिडकी मुलांना हवी, आम्हांला झोप,” तो हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वडीलबंधूंचा दूरध्वनी आला. त्यांनाही बिनखिडकीचीच खोली हवी होती, धाकट्याच्या शेजारची.