वर्गणीत बसेल तेवढीच शेड

वडोदऱ्याजवळच्या वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे जीआयडीसीत, संध्याकाळी पाळी सुटली की फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगारांच्या हातांत विलक्षण कसब असतं. घरी मात्र त्या कसबाला जागा नसते. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात वेल्डिंग मशीन ठेवता येत नाही आणि ग्राइंडर चालवला तर शेजारी दार वाजवतात. म्हणून माझ्या ओळखीतल्या काही फिटर-टर्नर मंडळींच्या मनात एक बेत आहे. भाड्याची एक शेड घ्यायची, त्यात सामायिक अवजारं ठेवायची, सभासदांनी महिन्याची वर्गणी भरायची आणि ज्याला जे बनवायचं, दुरुस्त करायचं किंवा पोरांना शिकवायचं ते तिथं येऊन करायचं. मला हा बेत मनापासून आवडला आहे. तो टिकावा असं वाटतं म्हणून आज त्याच्या जमाखर्चाबद्दल लिहितो.

वर्गणीतून संस्था उभी करणं वडोदऱ्याच्या मराठी माणसाला नवीन नाही. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानं इथल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात आला १९०४ साली, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी. कायद्याचा आधार नसताना एकमेकांच्या विश्वासावर पैसे एकत्र ठेवणारी ही माणसं होती. पुढं तिची बँक झाली, शतकाहून अधिक काळ चालली आणि या शतकात आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली. या इतिहासाची दोन्ही टोकं आपण लक्षात ठेवायला हवीत.

आता शेडचं गणित. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, प्रत्येकानं आपले घालावेत. समजा भाडं १२,००० रुपये, वीज ४,०००, वेल्डिंग रॉड, ग्राइंडिंगची चाकं, ड्रिल बिट, कटिंग ऑइल वगैरे ३,०००, झाडलोट आणि किरकोळ देखभाल ३,००० आणि घसाऱ्यापोटी बाजूला काढायचे ३,०००. महिन्याचे झाले २५,०००. पहिल्या बैठकीला ५० जण येतात, सगळे हात वर करतात आणि कुणीतरी लगेच ५०० रुपये वर्गणी जाहीर करतं. इथंच संस्थेचं नुकसान होतं. ५० जणांनी नावं दिली म्हणजे ५० जण दर महिन्याला पैसे भरतील असं नाही. कुणाची बदली होते, कुणाचं कंत्राट संपतं, कुणी दिवाळीला गावी जातो तो दोन महिने येत नाही. नियमित भरणारे ३५ धरले तर वर्गणी ७१५ रुपयांच्या घरात जाते. कंत्राटी कामगाराला महिन्याला सातशे रुपये जड आहेत. मग ७,००० भाड्याची लहान शेड बघावी, म्हणजे खर्च २०,००० वर आणि वर्गणी पावणेसहाशेच्या आसपास येते. आधी शेड आवडली आणि मग वर्गणी ठरवली असं करू नये. वर्गणी किती झेपेल ते ठरवावं आणि तेवढ्यात बसेल तीच शेड घ्यावी.

भाडं सभासद किती आले ते पाहत नाही. विजेचंही बरंचसं तसंच. मध्य गुजरात वीज कंपनीकडून भार मंजूर करून घेतला की त्यावरचा स्थिर आकार मशीन बंद असतानाही भरावा लागतो. वर्षातून चारदा लागणाऱ्या एखाद्या मोठ्या यंत्रासाठी भार वाढवून घेतला, तर त्याचा बोजा बाराही महिने सगळ्यांवर पडतो. अशा कामासाठी जीआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्याकडे जाणं स्वस्त.

यंत्रायंत्रातही फरक असतो. लेथला तेलपाणी केलं, बेड जपला तर तो दोन पिढ्या चालतो, त्यामुळे त्याचा खर्च वर्गणीत मुरला तरी चालेल. लेझर कटरचं तसं नाही. त्याची काचेची कार्बन डायऑक्साइड नळी ठरावीक तास चालते आणि मग बदलावीच लागते. ज्याला दहा तास लेझर वापरायचा आहे त्याचा खर्च, केवळ पान्हा आणि व्हाइस वापरायला येणाऱ्यानं का सोसावा? अशा यंत्राला तासाचं भाडं लावावं आणि ते पैसे नळीसाठीच वेगळ्या खात्यात ठेवावेत. सभासद होताना घेतलेली अनामत रक्कमही वेगळीच राहिली पाहिजे. ती सभासदाची आहे, उद्या तो सोडून गेला की परत द्यायची आहे. वर्षाची वर्गणी एकदम भरणाऱ्यांचे पैसे हातात आले की खजिनदाराला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, पण त्यातले अकरा महिने अजून यायचे असतात.

वर्गणीवरच्या भरवशाला मर्यादा असते हे अमेरिकेतल्या टेकशॉपनं दाखवलं. २००६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही सभासद-कार्यशाळांची साखळी अमेरिकेत दहा शाखांपर्यंत वाढली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या सगळ्या शाखांना एकाच दिवशी टाळं लागलं. बाहेरच्या मदतीशिवाय असा व्यवसाय तगत नाही, असं तिच्या प्रमुखांनीच तेव्हा सांगितलं. मोठ्या जागा आणि महागडी यंत्रं सभासदांच्या पैशात बसत नव्हती. आपल्याकडे २०१३ साली मुंबईत वैभव छाब्रा यांनी सुरू केलेली मेकर्स असायलम ही अशीच कार्यशाळा आज गोव्यातल्या मोयऱ्यात आहे. सभासदांना अवजारं देण्याबरोबर शिकवण्याचे कार्यक्रमही त्यांनी उभे केले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तेव्हा तर शिकणाऱ्या मुलांनी गावाचं खरं काम करायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा, ही कल्पना शिक्षणाच्या मुळाशीच ठेवली. २००२ साली तिथं अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांची कार्यशाळा, आली, तीही या कामाच्या शाळेत. वाघोडियाच्या शेडमध्ये रविवारी पोरांना वेल्डिंगचे वर्ग घेतले तर त्या फीनं निदान रॉडचा खर्च निघेल.

मग अनुदान, देणगी यांचं काय? याचं उत्तर बडोदे संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारभारात आहे, असं माझं मत आहे. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं ते पूर्णपणे राज्याच्या पैशानं. गावोगावच्या वाचनालयांसाठी मात्र १९१० नंतर त्यांनी वेगळी रीत घातली. लोकांनी ठरावीक रक्कम गोळा करायची, तेवढीच पंचायत देणार आणि तेवढीच राज्य देणार. वाघोडिया तेव्हा बडोदे संस्थानातच होतं. लोकांचा पैसा आधी यायचा, ही अट मला फार शहाणपणाची वाटते. आजच्या कारखान्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, म्हणजे सीएसआर, निधीकडेही याच नजरेनं बघावं. तो घ्यायचा असेल तर संस्थेला आयकर कायद्याखालची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते आणि काम सभासदांपुरतं न ठेवता लोकांसाठी खुलं करावं लागतं. तो मिळालाच तर त्यातून यंत्र घ्यावं. भाडं आणि वीज त्याच्यावर कधीही टाकू नये, कारण कंपनी पुढच्या वर्षी दुसरा प्रकल्प निवडू शकते आणि घरमालक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतोच.

जीएसटीचंही भान हवं. संस्था आणि सभासद एकच, असं पूर्वी धरलं जाई. २०२१ च्या दुरुस्तीनं दोघांना वेगळं मानलं. त्यावर न्यायालयात वाद झाले आहेत, पण सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर लहान शेडला नोंदणीची गरज सहसा पडत नाही. तरीही सीएला एकदा विचारून घ्यावं.

या सगळ्याहून मोठी गोष्ट हिशेब उघडा ठेवण्याची. गणेशोत्सव मंडळं वर्गणीदारांची नावं आणि खर्च छापतात, तेवढं तर करावंच. शेडच्या दाराशी एक फळा लावून महिन्याची जमा, खर्च, थकबाकी आणि राखीव निधी लिहावा. थकबाकीदाराचं नाव न लिहिता रक्कम लिहिली तरी पुरे. किमान तीन महिन्यांचं भाडं राखीव असल्याशिवाय नवीन यंत्राचा ठराव सभेपुढं आणू नये. खजिनदार दर दोन वर्षांनी बदलावा आणि जुन्यानं नव्याला कीर्द, पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक सर्वांसमोर सोपवावं.

वाघोडियातल्या मित्रांना माझी विनंती आहे. जागेचा करार करण्याआधी सहा महिने फक्त वर्गणी गोळा करा. ती बँकेत ठेवा आणि कितीजण खरोखर भरतात ते बघा. जेवढे भरतील त्यांच्या जोरावर जागा घ्या, लेथ त्यानंतर आणा.