तुलनापत्रकात न दिसणारी फाउंड्री

तीन फाउंड्र्यांकडून कोटेशन मागवायचे, तुलनापत्रक करायचे, सर्वांत कमी दर देणाऱ्याला आणखी रुपया-दीड रुपया खाली ओढायचे आणि पीओ काढायची. भोसरीत जा, सातपूरला जा, वाळूजला जा. लहान-मध्यम मशीन शॉपमध्ये कास्टिंगचा पुरवठादार बहुधा असाच ठरतो. या अंकातले बरेच लेख बिडाच्या यंत्रणाविषयी आहेत. इन्सर्टची श्रेणी, फिक्श्चरची रचना, बोअरची अचूकता या सगळ्यांवर आपण बारकाईने बोलतो. पण मशीनवर चढणारे कास्टिंगच सदोष असेल, तर त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून यावेळी थोडे मागे जाऊन फाउंड्रीच्या निवडीबद्दल लिहितो आहे.

आधी हिशेब. समजा, १२ किलोचे एक हाउसिंग आहे, एफजी २६० श्रेणीचे. दोन फाउंड्र्यांच्या दरात किलोमागे ३ रुपयांचा फरक आहे. नगामागे ३६ रुपये वाचले, महिन्याला १,००० नग म्हटले तर ३६,००० रुपये. तुलनापत्रक इथेच थांबते. आता स्वस्त कास्टिंगमधले रिजेक्शन २ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेले असे धरा. ब्लो होल वरून दिसत नाही. ते शेवटच्या बोअरिंगला उघडे पडते. तोपर्यंत त्या नगावर ४५० रुपयांचे यंत्रण झालेले असते. जादा ६० नगांचे २७,००० रुपये तिथेच गेले. उरलेल्या ९,००० रुपयांत वाळूच्या कणांनी तुटलेले इन्सर्ट, सेटरचा वेळ, परत पाठवायचे भाडे आणि नग भरून काढण्यासाठी लावलेली रात्रपाळी बसवून दाखवा. फाउंड्री फार तर कास्टिंगची किंमत परत देते; यंत्रणाचा खर्च मागितला की वादाला तोंड फुटते. आणि ग्राहकाची लाईन थांबली म्हणून आलेली डेबिट नोट मी यात धरलेलीच नाही.

याचा अर्थ महागडा पुरवठादार चांगला, असा मुळीच नाही. दर कशाचा बनला आहे हे आपल्याला कळले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. एक टन बीड इंडक्शन भट्टीत वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. स्क्रॅप आणि पिग आयर्नचे भाव बाजारात रोज कळतात. ओतलेल्या धातूचा बराच भाग रनर-रायझरमध्ये जाऊन पुन्हा भट्टीत येतो, म्हणजे एक टन चांगल्या कास्टिंगसाठी एका टनापेक्षा बरेच जास्त लोखंड वितळवावे लागते. त्यावर वाळू, बेंटोनाइट, कोअर, फेटलिंग, मजुरी, वाहतूक. ही बेरीज खरेदी पाहणाऱ्या माणसाला कागद न घेता करता आली पाहिजे. कोटेशन या बेरजेच्याही खाली असेल, तर आनंद मानण्याऐवजी थांबावे. तो माणूस पदरचे घालून आपल्याला कास्टिंग देणार नाही. तो कुठेतरी हात आखडता घेणार. इनॉक्युलंट कमी पडेल, मग पातळ भागात चिल येईल आणि आपले ड्रिल तिथेच जळेल. जुन्या वाळूत नवी वाळू वेळेवर पडणार नाही. स्क्रॅपमध्ये काय काय आले आहे हे भट्टीत टाकण्यापूर्वी कोणी पाहणार नाही.

हे सगळे ऑफिसात बसून समजत नाही. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या पट्ट्यात फाउंड्र्यांची दाटी आहे. पुण्याहून सकाळी निघालात तर दुपारी भट्टीसमोर उभे राहता येते. तरीही वर्षानुवर्षे कास्टिंग घेणारे आणि फाउंड्रीचे तोंड न पाहिलेले कारखानदार मला भेटतात. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच हा प्रकार आहे.

फाउंड्रीत गेल्यावर मी आधी स्क्रॅप यार्डात जातो. माल प्रकारानुसार वेगळा ठेवला आहे की एकच ढीग आहे, त्यात रंग लागलेले, गॅल्व्हनाइझ केलेले तुकडे किती आहेत, हे पाच मिनिटांत दिसते. तिथून वाळूच्या प्रयोगशाळेत. ओलावा, परमिएबिलिटी, कॉम्पॅक्टेबिलिटी, ग्रीन स्ट्रेंग्थ यांचे रजिस्टर मागावे आणि आकड्यांइतकेच अक्षराकडे पाहावे. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने एका दमात लिहिलेल्या असतील आणि ओलावा दिवसभर ३.५ टक्क्यांवरच उभा असेल, तर ते रजिस्टर ऑडिटसाठी भरलेले आहे. वाळू दिवसभर तशी राहत नाही. दुपारी ती तापते, परतून आलेली वाळू गरम असते, आकडा हलतोच. हललेला आकडा आणि त्यापुढे काय केले याची एक ओळ दिसली, की समजावे इथे कोणीतरी खरोखर वाळू तपासतो आहे.

जाताना आपल्या स्टोअरमधले एक कास्टिंग बरोबर न्यावे. त्यावरचा हीट नंबर दाखवून त्या दिवसाचे चार्ज मिक्स, स्पेक्ट्रोचा अहवाल, ओतण्याचे तापमान मागावे. चांगल्या फाउंड्रीत ते थोड्या वेळात समोर येते. ‘नंतर मेल करतो’ असे उत्तर आले, तर तिथे हीट नंबर नुसता आकडा म्हणून पडतो. एसजी आयर्न घेत असाल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाल्यापासून शेवटचा साचा ओतेपर्यंत किती मिनिटे जातात, ते घड्याळ लावून पाहा. वेळ लांबली की मॅग्नेशियमचा परिणाम ओसरतो, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, आणि हे वरून पाहून कोणालाही कळत नाही.

शेवटी रिजेक्शनचा कोपरा. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका वाचक उद्योजकाबरोबर शिरोलीतल्या फाउंड्रीत गेलो होतो. एका टेबलावर आठ-दहा कास्टिंग मधोमध कापून मांडलेली होती आणि प्रत्येकावर खडूने तारीख आणि कारण लिहिले होते. सुपरवायझरने त्यातले एक उचलून पुढे केले. “साहेब, हा तुमचाच जॉब. हवा दमट, कोअर नीट वाळला नव्हता, त्यामुळे गॅस धरला. आता ओव्हनचा वेळ वाढवलाय आणि कोअर आदल्या दिवशीचा वापरत नाही.” आम्ही काहीही विचारले नव्हते. त्या फाउंड्रीचा दर तुलनापत्रकात दुसऱ्या क्रमांकाचा होता. आपला दोष आपणहून दाखवणारा माणूस मिळाला, तर किलोमागे रुपया जास्त देऊन त्याला धरून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नमुन्याच्या नगांवर फार विसंबू नये. ते फाउंड्रीतला सर्वांत तयार मोल्डर काढतो, मालक स्वतः उभा असतो आणि निवडून पाच नग पाठवले जातात. तिसऱ्या-चौथ्या लॉटला नवा माणूस साच्यावर असतो, पॅटर्न थोडा झिजलेला असतो, तेव्हा काय येते ते महत्त्वाचे. म्हणून पहिले तीन महिने पूर्ण मागणी एकाच ठिकाणी नव्याने सोपवू नये आणि प्रत्येक लॉटचे रिजेक्शन दोषाच्या नावासकट लिहून ठेवावे. नुसते ‘खराब ४०’ असे लिहून फाउंड्रीला काही कळत नाही. ‘बोअरमध्ये ब्लो होल २६, फ्लँजवर सँड ड्रॉप १४’ असे कळवले की तिला कुठे पाहायचे ते समजते.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. वाहन उद्योगात आयएटीएफ १६९४९ ग्राहकच मागतो, तेव्हा ते लागतेच. पण भिंतीवर प्रमाणपत्र आहे म्हणून भट्टीकडे जायचे टाळू नये. जीएसटीची विवरणपत्रे पुरवठादार वेळेवर भरतो का, हे मात्र पहिल्याच दिवशी तपासावे. त्याने बिल दाखवले नाही, तर आपले इनपुट क्रेडिट अडकते आणि खेळते भांडवल आटते.

आता थोडे कटू. आपण पुरवठादार निवडतो असे समजतो, पण चांगल्या फाउंड्रीकडे मोल्डिंग लाईनपेक्षा ऑर्डर जास्त असतात. आज कोणाचे साचे आधी लावायचे हे तीही ठरवते. तिथे आपला नंबर कुठे लागतो, हे आपल्या वागण्यावर अवलंबून आहे. ड्रॉइंगवर यंत्रणाची सूट किती, डेटम कुठला, कुठल्या भागात दोष अजिबात चालणार नाही हे आधी सांगणारा, पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारा आणि पैसे वेळेवर देणारा ग्राहक तिला हवा असतो. पैशाबाबत तर कायदाच आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी मुदत उलटून थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावटही मिळत नाही. तरीही १२० दिवसांची उधारी ‘आपल्या लाईनीत असेच चालते’ म्हणून खपवली जाते. मोठा ग्राहक आपले पैसे अडवतो, ही तक्रार खरी आहे. पण तोच भार आपण आपल्याहून लहान फाउंड्रीवर ढकलला, तर ती तो स्क्रॅपच्या दर्जावर काढणार आणि फिरून आपल्याच मशीनवर आणणार.

एकच पुरवठादार की दोन, हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत होता आणि साठा काही तासांपुरताच होता. टोयोटाचे कारखाने बंद पडले. पण दोनशेहून अधिक कंपन्या मदतीला धावल्या; शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदरनेही हे व्हॉल्व्ह काढायला घेतले. पैशांची बोलणी मागे ठेवून काम सुरू झाले आणि आठवडाभरात उत्पादन पुन्हा रुळावर येऊ लागले. एकाच ठिकाणी सगळे ठेवण्याचा धोका या घटनेत दिसतोच, पण वर्षानुवर्षे सांभाळलेल्या संबंधांचे मोलही त्यातच दिसते. आपल्यापैकी बहुतेकांना महत्त्वाच्या कास्टिंगसाठी दोन फाउंड्र्या पुरेत, ७०-३० अशा वाटणीने. दुसरीला वर्षातून एकदा आठवण म्हणून पाच नग दिले, तर अडचणीत ती उभी राहणार नाही. तिला दर महिन्याला खरे काम हवे.

आणि पॅटर्नचे बघा. पैसे आपण दिलेले, पण पॅटर्न आणि कोअर बॉक्स फाउंड्रीच्या रॅकवर, मालकीचा कागद कुठेच नाही, अशी अवस्था सर्रास आहे. पुरवठादार बदलायची वेळ येते तेव्हा त्यावरूनच भांडण पेटते. पीओमध्येच पॅटर्नची मालकी, देखभाल कोणी करायची आणि परत कधी द्यायचा हे लिहा; पॅटर्नवर आपल्या कंपनीचे नाव आणि क्रमांकाची पट्टी ठोका. सोडून जायचेच ठरले, तर महिनाभर आधी सांगा, साच्यात असलेला माल उचला, शेवटचे बिल चुकते करा आणि मग टेम्पो पाठवा.