चुलीच्या दगडाची निगा

आदिलाबाद जिल्ह्याच्या भूमीत दोन अगदी भिन्न स्वभावांचे दगड सापडतात. त्यांपैकी एक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून घडलेला काळा पाषाण, म्हणजेच बसाल्ट. आणि दुसरा त्याहून कितीतरी प्राचीन असा चुनखडक, ज्याच्या थरांना भूशास्त्रात पैनगंगा नदीचेच नाव मिळाले आहे. ज्या घरात लाकडाची चूल अजून पेटते आणि तिच्या ओट्याला किंवा भानवशीला, म्हणजे चुलीमागच्या कट्ट्याला, दगड बसवलेला आहे, तिथे तो स्वच्छ करण्यापूर्वी त्याची जात ओळखणे अगत्याचे ठरते.

चुनखडक मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे आम्ल लागताच तो झिजू लागतो, आणि म्हणून पितळेला उजळवणारी चिंच किंवा लिंबू याच दगडावर पांढुरके, निस्तेज डाग पाडते, जे पुढे कितीही घासले तरी जात नाहीत. कोपऱ्यातल्या झाकलेल्या कडेवर लिंबाचा एक थेंब टाकून तिथे बारीक फेस येतो का, हे पाहिले की बहुधा उलगडा होतो.

लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो, जो तुपातेलाच्या चिकटपणाला सैल करतो. मात्र तिच्यातील खरखरीत कण गुळगुळीत दगडावर ओरखडे काढत असल्याने राख वस्त्रगाळ करूनच वापरावी. मुरलेल्या तेलाच्या डागावर शाडूचा घट्ट लेप देऊन तो रात्रभर वाळू द्यावा, कारण वाळताना तो तेल वर ओढून घेतो.

तापलेल्या दगडावर गार पाणी कधीही ओतू नये. पृष्ठभाग आकसतो, आतला भाग प्रसरलेलाच राहतो आणि या ताणातून चीर पडते. नदीपात्रातून नुकताच आणलेला ओला गोटा चुलीला लावणे तर सर्वांत धोक्याचे, कारण त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो आणि त्याच्या कपच्या स्वयंपाक करणाऱ्यांच्या तोंडावर उडतात.

चूल पूर्ण निवल्यावरच हात लावावा, आधी कोरड्या कुंच्याने काजळी झाडावी, मग ओल्या मऊ फडक्याने पुसावे, आणि फरशी धुण्याचे ॲसिड चुलीच्या दगडाजवळही आणू नये.