सेफ्टी धातूची केली म्हणजे बंदूक सुरक्षित झाली?

हरभरा घाट्यांवर आला की अकोला-अमरावतीच्या शिवारांत जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतो, उरलेले रोही खातात. ज्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे, ते ती सोबत नेतात. मचाणावर बसल्या बसल्या मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओही दिसतात. प्लास्टिकची सेफ्टी काढा, धातूची बसवा, दहा मिनिटांचे काम! मग आपणही करावे का?

माझे उत्तर असे : गरज असेल तर जरूर करावे, पण स्वतः करू नये. आणि केल्यावर निर्धास्त तर मुळीच होऊ नये.

प्लास्टिक आले कुठून?

हा प्रश्न गाजला तो मोसबर्ग 500 या अमेरिकन पंप ॲक्शन बंदुकीमुळे. 1961 पासून ती बाजारात आहे. तिची सेफ्टी वर, मागच्या बाजूला, अंगठ्याखाली येते. ही सरकती गुंडी प्लास्टिकची असते आणि एकाच स्क्रूवर बसते. स्क्रू जास्त आवळला, की तिला तडा जातो. त्याच कंपनीच्या लष्करी वापराच्या 590ए1 मध्ये सेफ्टीही धातूची आणि चापाभोवतीचे कडेही धातूचे असते. धातू टिकतो, यात वाद नाही.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. वऱ्हाडात शेतकऱ्यांकडे आणि बँकेच्या पहारेकऱ्यांकडे बहुतेक दिसते ती जुनी दुनळी. तिची सेफ्टी पोलादीच असते. पिकाच्या राखणीसाठी तर शस्त्र कायदा, 1959 चे कलम 13 आधी ठासणीच्या बंदुकीचाच विचार करते. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तरच दुसरी. ठासणीच्या बंदुकीला सहसा वेगळी सेफ्टीच नसते, घोडा अर्धा ओढून ठेवायचा, एवढाच आधार. म्हणजे प्लास्टिकचा प्रश्न नव्या धाटणीच्या थोड्या बंदुकांचा आहे. पण त्यातून निघणारी गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे.

गुंडी म्हणजे सेफ्टी नव्हे

अंगठ्याखाली येते ती फक्त मूठ. खरी सेफ्टी आत असते, चापाची वाट अडवणारा एक लहान तुकडा. गुंडी सरकली की तो तुकडा पुढे-मागे होतो. गुंडीखाली छोटी पोलादी गोळी असते, तिच्यामुळे 'खट्' करून गुंडी जागेवर बसते. गुंडी काढताना ही गोळी उडून हरवली, की सेफ्टी आपोआप सरकू लागते.

म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेची गुंडी कातून आणण्याची युक्ती मला सर्वांत धोक्याची वाटते. प्लास्टिकला तडा गेला तर डोळ्यांना दिसतो. धातूची गुंडी मापात अर्धा मिलिमीटर चुकली तर काहीच दिसत नाही. वरून सेफ्टी लागलेली, आत चाप मोकळा! शिवाय मूळ बंदुकीवर 'गोळी सुटू शकते' हे सांगणारा लाल ठिपका असतो. घरगुती गुंडी बसवताना तो झाकला जातो किंवा भलत्याच जागी उघडा पडतो. अंधारात, बॅटरीच्या उजेडात माणूस त्या ठिपक्यावरच विश्वास ठेवतो.

बरे, आतला तुकडा ठीक असला तरी अनेक दुनळ्यांमध्ये तो फक्त चाप अडवतो, आतले घोडे नाही. मचाणावरून भरलेली बंदूक आपटली तर सेफ्टी लागलेली असूनही बार उडू शकतो. चढताना-उतरताना काडतुसे खिशात हवीत, नळीत नव्हे.

कायदा काय सांगतो?

कलम 5 नुसार शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला कलम 25 खाली किमान 7 वर्षे ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे. 'मी फक्त गुंडी बदलली' हा युक्तिवाद करून पाहण्याची ही जागा नव्हे. सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रातच मोडतात, तेव्हा परदेशी वेबसाइटवरून मागवणेही नको. आणि हातात परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायची परवानगी आहे असेही नाही. ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

यात प्रशासनाचीही एक बाजू आहे. परवानाधारक कारागिराकडेच जा, असे सांगणे सोपे आहे. पण एका गुंडीसाठी जागलीची बंदूक घेऊन तालुक्याहून जिल्ह्याला कोण जाईल? परवान्याचे नूतनीकरण आता 5 वर्षांनी होते. त्या वेळी नंबर जुळवण्याबरोबर चाप आणि सेफ्टीचीही तपासणी व्हावी. जिल्हाधिकारी कार्यालयाने वर्षातून एक दिवस कारागिराला तालुक्याच्या ठाण्यात बसवले, तरी पुष्कळ होईल.

निवडणुकीत अनेकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. 2024 मध्ये एप्रिलला लोकसभा आणि नोव्हेंबरला विधानसभा, असे दोनदा मतदान झाले. एवढे दिवस पडून राहिलेली बंदूक परत आली, की आधी ती उघडून नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. मग तोंड मऊ जमिनीकडे धरून सेफ्टी लावा, चाप ओढा, बोट काढा आणि आता सेफ्टी काढा. त्या क्षणी आतून 'टक' असा आवाज आला, तर बंदूक कुलपात ठेवा आणि कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका. गुंडी प्लास्टिकची असो की पोलादाची.